पहिल्या दहा ऑर्डर जपा: फायवर-अपवर्कवर रेटिंग आणि लेव्हल कशी चालते

नऊ क्लायंटनी पाच स्टार दिले आणि दहाव्याने एक. सरासरी 4.6. शाळेच्या हिशेबात हे 100 पैकी 92, म्हणजे पेढे वाटायची वेळ. फायवर या ऑनलाइन कामं विकायच्या साइटवर मात्र टॉप रेटेड सेलर, म्हणजे सर्वात वरच्या लेव्हलचा विक्रेता, व्हायला 4.7 लागतात, आणि 4.6 वरून तिथे जायचं तर पुढचे चार क्लायंट ओळीने पाच स्टारवाले मिळावे लागतात. हाच एक स्टार चाळिसाव्या ऑर्डरवर पडला असता तर सरासरी 4.9 राहिली असती आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: पहिली दहा कामं मिळवण्यापेक्षा ती निवडण्यात डोकं घाला. मी सांगलीत बसून सबटायटल आणि भाषांतराची कामं करते. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं चुकून शिकलेलं आहे.

आधी नियमांची पाटी वाचा

फायवर 2010 साली इस्रायलमध्ये सुरू झाली. तेव्हा प्रत्येक काम पाच डॉलरला मिळायचं, नाव त्यावरूनच पडलं. आता दर तुम्ही ठरवता आणि साइट तुमच्या कमाईतून 20 टक्के कापून घेते. लेव्हलची सध्याची पद्धत फेब्रुवारी 2024 पासूनची. तिच्या अटी अशा:

- लेव्हल वन: 5 ऑर्डर, 3 वेगवेगळे क्लायंट, 400 डॉलर कमाई, रेटिंग 4.4, सक्सेस स्कोअर (ग्राहकांच्या अनुभवावरून साइट 10 पैकी देते ते गुण, पुढे सांगते) 5
- लेव्हल टू: 20 ऑर्डर, 10 क्लायंट, 2,000 डॉलर, रेटिंग 4.6, सक्सेस स्कोअर 6
- टॉप रेटेड: 40 ऑर्डर, 20 क्लायंट, 10,000 डॉलर, रेटिंग 4.7, सक्सेस स्कोअर 9, आणि शिवाय साइटच्या माणसांकडून प्रोफाइलची तपासणी

रिस्पॉन्स रेट, म्हणजे मेसेजना वेळेत उत्तर देण्याचं प्रमाण, तिन्हीकडे 90 टक्के. यातली एकही अट अपुरी असेल तर बाकीच्या पाच पूर्ण असून उपयोग नाही. हे आकडे साइट मधूनमधून बदलते, त्यामुळे तुमच्या डॅशबोर्डवरचं लेव्हलचं पान हाच शेवटचा शब्द समजा.

लेव्हल वाढल्यावर हातात काय पडतं? लेव्हल वनला 10 गिग (विक्रीला मांडलेल्या सेवा) टाकता येतात, टूला 20, टॉप रेटेडला 30. खरेदीदाराला सर्चमध्ये सेलरच्या लेव्हलनुसार फिल्टर लावता येतो, आणि मोठ्या बजेटचे लोक तो लावतात. तिसरा फरक खिशाला जाणवणारा आहे. ऑर्डर पूर्ण झाल्यावर पैसे मोकळे व्हायला साधारण सेलरला 14 दिवस थांबावं लागतं, टॉप रेटेडला 7. शिवाय डिलिव्हरीनंतर क्लायंट काहीच बोलला नाही तर ऑर्डर तीन दिवसांनी आपोआप पूर्ण होते. म्हणजे एक तारखेला दिलेल्या कामाचे पैसे चारला ऑर्डर बंद होऊन अठराला मोकळे होतात, मग बँकेत यायला आणखी काही दिवस. गणपतीच्या खर्चाला हे पैसे धरले असतील तर काम तीन-साडेतीन आठवडे आधी हातावेगळं व्हायला हवं. पहिल्या वर्षी मी हा हिशेब केला नव्हता. मखराचे पैसे भावाकडून घेतले.

पायरी पहिली: दर ठरवताना लेव्हलचं गणित करा

नवीन माणूस स्वस्तात सुरुवात करतो. 'आधी रिव्ह्यू येऊ देत, दर मग वाढवू.' जुन्या पद्धतीत याला थोडा अर्थ होता. तेव्हा लेव्हल वनला 10 ऑर्डर लागायच्या आणि लेव्हल टूला 50, म्हणून संख्या वाढवण्यात फायदा होता. 2024 मध्ये ऑर्डरची अट 5 आणि 20 वर आली, पण 400 आणि 2,000 डॉलरचे आकडे तिथेच राहिले. आता पाच ऑर्डरमध्ये लेव्हल वन गाठायची तर प्रत्येक काम सरासरी 80 डॉलरचं हवं. 10 डॉलरच्या कामांनी जायचं तर किमान 40 ऑर्डर, म्हणजे एक स्टार पडायच्या 40 संधी.

त्यात माझा अनुभव असा की सर्वात स्वस्त गिगवर सर्वात किरकिरे क्लायंट येतात. पाच डॉलर देणारा माणूस पन्नास डॉलरच्या अपेक्षा घेऊन येतो, कारण त्याला या कामाला किती वेळ लागतो तेच ठाऊक नसतं. तुमच्या हातात कापून चारच डॉलर येणार असतात. अगदी वरचा दर लावा असं मी म्हणत नाही. तुमच्या प्रकारच्या कामाची पहिली दोन-तीन पानं पाहा, लेव्हल वनवाले काय घेतात ते वहीत लिहा, आणि त्याच्या थोडं खाली उभे राहा. तळाशी जाऊ नका.

पायरी दुसरी: गिगमध्ये काय मिळणार नाही तेही लिहा

माझ्या पहिल्या गिगचं वर्णन होतं, 'कोणत्याही व्हिडिओचे उत्तम मराठी सबटायटल.' 'कोणत्याही' या शब्दाने मला रडवलं. एकाने लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ पाठवला, त्यात सनईच्या आवाजाखाली चार मावश्या एकदम बोलत होत्या.

आता मी लिहिते: एका ऑर्डरमध्ये 10 मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ, जास्तीत जास्त दोन बोलणारे, आवाज स्वच्छ हवा, फाइल एसआरटी (सबटायटलची वेगळी मजकूर-फाइल) मिळेल, व्हिडिओवर अक्षरं कायमची छापून दिली जाणार नाहीत (त्याचे वेगळे पैसे), दोन रिव्हिजन, म्हणजे दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. वाचायला रुक्ष आहे. पण रिव्हिजनवरून वाद झाला तर बोट ठेवायला हीच ओळ उपयोगी पडते, आणि असे वाद सक्सेस स्कोअरमध्ये वेगळे मोजले जातात.

पायरी तिसरी: इनबॉक्स

रिस्पॉन्स रेट म्हणजे नव्या माणसाच्या पहिल्या मेसेजला 24 तासांत दिलेलं उत्तर. नवीन सेलरला मेसेज कमी येतात, म्हणून एकेक मेसेज भारी पडतो. दहापैकी एक सुटला तर 90 टक्के, काठावर पास. दोन सुटले तर 80, आणि लेव्हल अडकली.

आपली रात्र म्हणजे अमेरिकेचा दिवस. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. मेसेज रात्री दोनला येणार हे धरून चाला. त्यासाठी जागायची गरज नाही. सकाळी चहा ठेवला की ॲप उघडायचं आणि सगळ्यांना दोन ओळी टाकायच्या: निरोप मिळाला, फाइल पाहून दुपारपर्यंत सांगते. मोजणीला एवढं पुरतं. काम घ्यायचं नसलं तरी 'हे माझ्याकडे होत नाही' असं उत्तर द्या, गप्प बसू नका. आणि गावाला जाणार असाल, लग्नघर असेल, लाइट जायचे दिवस असतील तर प्रोफाइल 'उपलब्ध नाही' वर टाकून जा.

'तुमचा व्हॉट्सॲप नंबर द्या, बाहेर बोलू' असं कुणी म्हटलं तर देऊ नका. साइटबाहेर संपर्क किंवा व्यवहार नियमात बसत नाही, आणि त्यात नुसती लेव्हल नाही, खातंच जाऊ शकतं.

पायरी चौथी: नाही म्हणायला शिका

इथे आपण मराठी माणसं मार खातो. समोरचा दोनदा 'प्लीज' म्हणाला की आपल्याला भीड पडते, आणि भीड भिकेची बहीण.

ऑर्डर येण्याआधी जी बातचीत होते तीत माणूस बराचसा कळतो. मी तीन गोष्टी बघते. काम काय आहे हे त्याला स्वतःला सांगता येतंय का? 'तुम्हाला कळेलच, तुम्ही एक्स्पर्ट' म्हणणारा माणूस डिलिव्हरीनंतर 'माझ्या मनात हे नव्हतं' म्हणतो. दुसरं, आधीच्या सेलरला तो शिव्या घालतोय का? चार जणांनी वाईट काम केलं म्हणणाऱ्याचे तुम्ही पाचवे. तिसरं, 'आत्ता कमी पैशात करा, पुढे खूप काम देतो'. ते पुढचं काम मला अजून तरी मिळालेलं नाही.

यातलं काही दिसलं तर उत्तर नम्रपणे, पण लगेच द्या. ऑर्डर पडल्यावर रद्द करणं महागात पडतं, कारण रद्द झालेल्या ऑर्डरही सक्सेस स्कोअरमध्ये धरतात. ऑर्डर पडायच्या आधी दिलेल्या नकाराचा स्कोअरला धक्का लागत नाही.

काम गुंतागुंतीचं असेल तर थेट गिग विकत घेऊ देण्यापेक्षा कस्टम ऑफर (त्या एका क्लायंटसाठी बनवलेला प्रस्ताव) पाठवा आणि ठरलेलं सगळं त्यात लिहा. मेसेज अर्थातच इंग्रजीत जाणार, पण मुद्दे असे: किती मिनिटं, कोणती फाइल, कोणत्या दिवशी, किती रिव्हिजन, आणि तुमच्याकडून मला काय लागेल. त्या शेवटच्या मुद्द्याला फार किंमत आहे. क्लायंटने फाइल उशिरा दिली आणि घड्याळ तुमचं चालू राहिलं, हे नव्या सेलरच्या उशिराचं नेहमीचं कारण. मुदतीत एक दिवस स्वतःसाठी राखून ठेवा. तरी उशीर होणार असं दिसलं तर मुदत संपायच्या आधी साइटवरूनच रीतसर वाढवून मागा.

पायरी पाचवी: डिलिव्हरी, आणि माझी फजिती

एका साइटवर (नाव महत्त्वाचं नाही, चूक माझी होती) मी 22 मिनिटांच्या माहितीपटाचे सबटायटल केले. वेळेत दिले. क्लायंटने 'ऑल गुड, थँक्स' लिहिलं, पाच स्टार दिले. मी खूश. दोन आठवड्यांनी पाहते तर स्कोअर खाली. कारण कुठेच लिहिलेलं नाही.

पुढे महिन्याभराने तोच माणूस दुसऱ्या भागासाठी आला आणि जाता जाता म्हणाला, 'मागच्या फाइलमध्ये सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसत होती, आमच्या एडिटरने दुसऱ्याकडून करून घेतलं.' मी फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग (फाइलमध्ये अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरी चालणाऱ्या यूटीएफ-8 ऐवजी न चालणारं एएनएसआय राहिलं होतं. देवनागरीचं एकेक अक्षर प्रश्नचिन्ह झालं होतं. 22 मिनिटं नुसती प्रश्नचिन्हं! माणूस भला, तोंडावर बोलला नाही. खासगीत विचारलेल्या प्रश्नाला मात्र त्याने खरं उत्तर दिलं असणार.

नव्या सेलरला माहीत नसते ती गोष्ट हीच. चारचौघांत दिसणारे स्टार वेगळे, आणि क्लायंटला साइट गुपचूप विचारते ते वेगळं. ते उत्तर तुम्हाला कधीच दाखवत नाहीत. फायवरचा सक्सेस स्कोअर 1 ते 10 मध्ये, गिगनिहाय निघतो आणि त्यात ग्राहकाचं समाधान, संवाद, वाद, रद्द झालेल्या ऑर्डर, वेळ आणि पैशाचा मोबदला या सगळ्याचा हिशेब असतो. खासगी मत त्यात मिसळलेलं असतं. डॅशबोर्डवर कुठली बाजू कच्ची आहे एवढं कळतं, कुणामुळे ते कळत नाही.

साइट असं का करते? कारण स्टार फुगतात. जॉन हॉर्टन आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी एका ऑनलाइन कामबाजाराचे आकडे तपासून दाखवलं की वर्षं जातात तसे लोक वरचे स्टार सढळ हाताने देत जातात, पण खासगीत दिलेलं मत तसं चढत नाही. कमी स्टार दिले तर समोरच्याचं पोट मारल्यासारखं होतं, म्हणून लोक संकोचतात. सगळ्यांनाच पाच मिळू लागले की पाचाला किंमत राहत नाही, आणि साइट दुसरं माप शोधते.

याला अपवाद आपलीच माणसं. पुण्याच्या एका क्लायंटने मला चार स्टार देऊन खाली लिहिलं, 'काम अतिशय उत्तम.' त्यांच्या लेखी पाच बहुधा ज्ञानेश्वरांसाठी राखीव असावेत.

त्या फजितीनंतर डिलिव्हरीपूर्वी मी तीन गोष्टी करते. फाइल दुसऱ्या मशीनवर, किंवा निदान मोबाइलवर, उघडून बघते. डिलिव्हरीच्या मेसेजमध्ये फाइल कशी उघडायची ते दोन ओळींत लिहिते. आणि 'ठीक आहे ना?' असं मोघम न विचारता नेमकं विचारते: तिसऱ्या मिनिटाला अक्षरं नीट दिसतायत का? अशा प्रश्नाला माणूस फाइल उघडून उत्तर देतो.

घड्याळ थांबवायला अर्धवट किंवा रिकामी फाइल डिलिव्हर करू नका. नियमात बसत नाही, आणि क्लायंट चिडतो ते वेगळंच.

पायरी सहावी: रिव्ह्यू

फायवरवर ऑर्डर पूर्ण झाल्यावर खरेदीदाराला रिव्ह्यू द्यायला 10 दिवस असतात. तुम्हीही त्याला रिव्ह्यू देता, पण दोघांचं लिहून होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत कुणालाच दुसऱ्याचं दिसत नाही. त्यामुळे 'त्याने काय लिहिलंय ते बघून मी लिहीन' हे चालत नाही.

पाच स्टार द्या अशी गळ घालू नका, त्याबदल्यात काही फुकट देऊ नका. आणि आतेभावाला ऑर्डर टाकायला लावून रिव्ह्यू घ्यायची कल्पना प्रत्येकाला सुचते, मलाही सुचली होती. खोटे रिव्ह्यू पकडले गेले तर खातं बंद होऊ शकतं. शिवाय त्यातून मिळणारं बळ थोडंच, एका क्लायंटपुरतं.

वाईट रिव्ह्यू आला तर त्या दिवशी काही लिहू नका. दुसऱ्या दिवशी खाली दोन ओळींचं उत्तर टाका: काय झालं आणि तुम्ही काय बदललं. ते उत्तर त्या क्लायंटसाठी नसतं, पुढचा वाचणार असतो त्याच्यासाठी असतं. मग गणित करा. तीन रिव्ह्यू 5, 5 आणि 2 असतील तर सरासरी 4.0, लेव्हल वनच्या 4.4 च्या खाली. पुढचे दोन पाच स्टार मिळाले की बरोबर 4.4. म्हणजे आता दोन कामं अशी घ्या जी तुम्हाला झोपेतही जमतात. नवं काही आजमावायची ही वेळ नाही.

अपवर्कवर असाल तर

ईलान्स आणि ओडेस्क या दोन साइट एकत्र होऊन 2015 साली अपवर्क हे नाव आलं. तिथे लेव्हलऐवजी जॉब सक्सेस स्कोअर टक्क्यांत असतो, आणि रायझिंग टॅलेंट, टॉप रेटेड, टॉप रेटेड प्लस, एक्स्पर्ट-व्हेटेड असे बॅज. टॉप रेटेडला स्कोअर 90 टक्के किंवा जास्त आणि गेल्या 12 महिन्यांत 1,000 डॉलर कमाई हवी, प्लसला 10,000 डॉलर. कॉन्ट्रॅक्ट संपताना क्लायंटला गुपचूप विचारतात की या माणसाची शिफारस 0 ते 10 मध्ये किती कराल. इथेही त्या गुप्त उत्तराला मोठं वजन. मोठ्या रकमेच्या कामाचं वजन जास्त, त्यामुळे एका मोठ्या क्लायंटची नाराजी पाच छोट्यांच्या खुशीवर पाणी फिरवू शकते.

एक सोय मात्र चांगली आहे. टॉप रेटेड झाल्यावर नको असलेला एखादा फीडबॅक हिशेबातून काढून टाकता येतो, पण पुन्हा तीच सोय वापरायला मध्ये तीन महिने आणि दहा कॉन्ट्रॅक्ट जावी लागतात. किरकोळ चार स्टारवर ती उधळू नका.

लेव्हल उतरायला लागली तर

फायवरवर आकडे घसरले की त्याच दिवशी बॅज काढत नाहीत, सावरायला 30 दिवस देतात. नोटीस आली की आधी गिगनिहाय सक्सेस स्कोअर उघडा. बहुतेक वेळा सगळीकडे कमी नसतो, एखादंच गिग खाली ओढत असतं. माझ्या बाबतीत ते व्हॉइस-ओव्हरचं होतं. मला आवाज बरा आहे असं वाटत होतं, क्लायंटना वाटत नव्हतं.

ते गिग त्याच संध्याकाळी थांबवा. थांबवल्याने जुना स्कोअर पुसला जात नाही, पण नवी भर पडायची थांबते. मग जुन्या, खूश असलेल्या क्लायंटना साइटवरच मेसेज करा, पुढचं काही काम आहे का विचारा. त्यांना तुमची पद्धत माहीत असते, रिव्हिजन कमी लागतात. 30 दिवसांत असे दोन-तीन आले तरी घसरण थांबू शकते. व्हॉइस-ओव्हरचं गिग मी परत चालू केलं नाही. मायक्रोफोन पुतणीला दिला, ती त्यावर गाणी म्हणते.